किनाऱ्यावरच्या पिकअपचे पुढचे हब घरच्या घरी कसे बदलावे

कोकण किनाऱ्यावर मासळी, आंबा किंवा चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) वाहणाऱ्या लहान मालवाहू गाडीचे पुढच्या चाकाचे बेअरिंग बहुतेक वेळा किलोमीटर भरल्यामुळे जात नाही. त्यात पाणी शिरते, ग्रीस दुधाळ होते, गाडी चार दिवस उभी राहिली की रोलरच्या पृष्ठभागावर गंजाचे ठिपके पडतात आणि पुढच्या खेपेला घाटात घरघर सुरू होते. पाणी शिरण्याचे कारण साधे आहे. दूरवरून धावून आलेल्या गाडीचे हब, म्हणजे चाकाच्या मधला बेअरिंग बसवलेला भाग, गरम असते आणि आतली हवा प्रसरण पावलेली असते. अशी गाडी थेट बंदरावर साचलेल्या खाऱ्या पाण्यात किंवा होडीतून माल घेण्यासाठी ओल्या पुळणीत उतरवली, की हब एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि सीलच्या (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कडीच्या) ओठाजवळून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. म्हणून हब बदलताना पान्याच्या कामापेक्षा अधिक लक्ष सील, सील ज्या पृष्ठभागावर फिरते ती जागा आणि ग्रीस यांच्याकडे द्यावे लागते. नवे हब बसवूनही सहा महिन्यांत पुन्हा आवाज येण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते.

या लेखातील कृती इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या आणि पुढच्या हबमध्ये समोरासमोर बसवलेली दोन टेपर (निमुळत्या) रोलर बेअरिंगे असणाऱ्या पिकअप व लहान ट्रकसाठी आहे. बंद, न उघडणारे हब असलेल्या गाड्यांची पद्धत वेगळी असून ती शेवटच्या भागात दिली आहे. हवेचे ब्रेक असलेल्या मोठ्या ट्रकचे पुढचे हब ड्रमसह एका माणसाला पेलण्यासारखे नसते आणि ते घरी उतरवण्याच्या भरीस पडू नये.

आधी निदान

टायरचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज यांची गल्लत सहज होते. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला, म्हणजे काँक्रीटवरून डांबरावर गाडी आली, की टायरचा आवाज बदलतो. बेअरिंगचा आवाज मात्र रस्त्याशी नव्हे तर वेगाशी आणि वळणाशी बांधलेला असतो. उजवीकडच्या लांब वळणावर गाडीचा भार डाव्या बाजूला जातो, त्यामुळे अशा वळणावर घरघर वाढली तर डाव्या चाकाचा आणि डाव्या वळणावर वाढली तर उजव्या चाकाचा संशय घ्यावा. कुंभार्ली किंवा आंबा घाटातली वळणे या परीक्षेला सोयीची आहेत. फक्त ती गाडी रिकामी असताना चढताना करावी. घाट उतरून आल्यावर लगेच हबला हात लावून उष्णता तपासण्यात अर्थ नसतो, कारण ब्रेकची उष्णता हबमध्ये आलेली असते. सपाट रस्त्यावर शक्यतो कमी ब्रेक लावत दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून थांबवावी आणि हाताची मागची बाजू दोन्ही चाकांच्या मध्याजवळ नेऊन तुलना करावी. एक बाजू स्पष्टपणे अधिक तापलेली असेल तर तिथे काहीतरी बिघडले आहे. ते बेअरिंग असेल किंवा अडकलेले कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग, असेल, हे चाक उचलल्यावर कळते.

चाक जमिनीपासून उचलून, वर आणि खाली पकडून आलटून पालटून ओढावे आणि दाबावे. खेळ (सैलपणा) जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरण्यास सांगून तीच कृती पुन्हा करावी. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा आहे. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळते तो सांधा, तपासावी, हबवर पैसे घालवू नयेत. डावी-उजवीकडून पकडून येणारा खेळ बहुधा टाय रॉडच्या टोकाचा असतो. शेवटी एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगमधून हाताला लागते.

फक्त बेअरिंग बदलावे की संपूर्ण हब, हा प्रश्न यानंतर येतो. हबच्या आत बेअरिंगची बाहेरची कडी, जिला गॅरेजमध्ये कप म्हणतात, घट्ट बसलेली असावी लागते. कप हबमध्येच फिरू लागला असेल, व्हील स्टडचे, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांचे, आटे गंजाने खाल्ले असतील किंवा हबला तडा असेल, तर पूर्ण हब बदलावे. हब शाबूत असेल तर नवे बेअरिंग, नवे कप आणि नवे सील पुरतात. हे हब उघडल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, म्हणून सुटे भाग विकणाऱ्याकडे न वापरलेले हब परत घेण्याची बोली आधीच करून ठेवणे शहाणपणाचे.

सामान

भाग घेताना गाडीचे नाव आणि वर्ष सांगून भागत नाही. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वेगवेगळ्या वर्षांत बेअरिंगचे आकार बदललेले असतात, म्हणून चॅसी क्रमांक द्यावा आणि शक्य असेल तर जुन्या बेअरिंगवर कोरलेला क्रमांक जुळवून पाहावा. आतले आणि बाहेरचे बेअरिंग वेगवेगळ्या मापाचे असते. दोन्ही कोन, म्हणजे रोलरांसह आतल्या कड्या, त्यांच्या त्यांच्या कपासकटच घ्यावेत, जुन्या कपात नवा कोन बसवू नये. नामांकित बेअरिंगांच्या नकला बाजारात मिळतात, त्यामुळे पन्नास-शंभर रुपये वाचवण्यासाठी उघड्या पिशवीतले बेअरिंग न घेता अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह बंद खोक्यातले घ्यावे. याशिवाय ऑइल सील, नवी स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी) आणि डस्ट कॅप (हबच्या तोंडावरचे झाकण) घ्यावी. जुनी डस्ट कॅप चेपलेली असेल तर ती पुन्हा घट्ट बसत नाही आणि समोरून पाणी येण्याची वाट तयार होते. वीस-तीस रुपयांच्या या वस्तूवर सगळ्या कामाचा टिकाऊपणा अवलंबून असतो.

ग्रीस हा किनारपट्टीवर विशेष महत्त्वाचा भाग आहे. चॅसीच्या निपलमध्ये भरण्याचे काळे ग्रेफाइट ग्रीस चाकाच्या बेअरिंगसाठी नसते. लिथियम कॉम्प्लेक्स जातीचे, घट्टपणाने दोन क्रमांकाचे, डब्यावर व्हील बेअरिंगसाठी असल्याचे लिहिलेले ग्रीस घ्यावे. गाडी रोज बंदरावर जात असेल तर कॅल्शियम सल्फोनेट जातीचे ग्रीस अधिक चांगले, कारण ते खाऱ्या पाण्यात गंजाला जास्त दाद देत नाही. दोन वेगळ्या जातींची ग्रीसे एकत्र करू नयेत; काही जोड्या मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात.

हत्यारांत योग्य क्षमतेचा जॅक, दोन लोखंडी स्टँड, व्हील पाना, सॉकेटचा संच, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळणारा पाना), पक्कड, हातोडा, पितळी किंवा तांब्याचा रॉड, छिन्नी, तारेचा ब्रश, बारीक एमरी पेपर, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, धागे न सुटणारे कापड आणि थोडी बारीक तार लागते. टॉर्क रेंच एखाद्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दिवसभरासाठी मागून आणता येतो आणि तो आणावाच.

जागा आणि गाडी उचलणे

आपल्याकडची बहुतेक खळी मातीची किंवा जांभ्याची आणि थोडी उताराची असतात. जॅकचा छोटा तळ अशा जमिनीत रुततो आणि गाडी तिरकी होते. शक्यतो काँक्रीटची, सपाट जागा निवडावी. ती नसेल तर जॅक आणि स्टँड या दोघांखाली किमान दोन इंच जाडीच्या, फुटभर लांब-रुंद लाकडी फळ्या द्याव्यात. पाऊस पडत असेल तर काम करू नये. पडवीत किंवा मांगरात जागा असेल तर उत्तम, कारण उघड्या बेअरिंगवर वाऱ्याने आलेली वाळू पाण्याइतकीच घातक असते.

एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. कुंपणाशी रचलेले चिरे हाताशी असतात आणि ते एकावर एक ठेवून गाडीला आधार देण्याचा मोह होतो. जांभा दगड भिंतीत पसरलेला भार चांगला पेलतो, परंतु गाडीच्या चॅसीची कड त्याच्या एका बिंदूवर आली की तो इशारा न देता फुटतो. पावसाने भिजलेला चिरा तर अधिकच ठिसूळ होतो. गाडीखाली चिरा कधीही लावू नये, आणि केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नये.

गाडी रिकामी करावी, पहिल्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच व्हील नट अर्धा फेरा सैल करावेत. काही जुन्या मालवाहू गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. स्टडच्या टोकावर तशी खूण असते. नट सुटत नाही म्हणून पान्याला लांब पाइप लावण्यापूर्वी ही खूण पाहावी, नाहीतर सोडवण्याच्या नावाखाली नट आवळला जाऊन स्टड तुटतो. गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळीच स्प्रे मारून ठेवावा. नंतर गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावून गाडी उचलावी, चॅसी किंवा एक्सल स्टँडवर टेकवावा आणि गाडी हाताने हलवून आधार पक्का असल्याची खात्री करावी. काढलेले चाक चॅसीखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड घसरलाच तर गाडी त्यावर अडते.

जुने हब उतरवणे

डिस्क ब्रेकच्या गाडीत कॅलिपर सहसा मागच्या बाजूच्या दोन बोल्टवर असते. ते सोडवून कॅलिपर बाजूला करावे आणि तारेने स्प्रिंगला किंवा चॅसीला टांगावे. ब्रेकच्या रबरी नळीवर ते लोंबकळत ठेवल्यास नळी आतून फाटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक शू आधी अ‍ॅडजस्टरने सैल करावे लागतात. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. ब्रेक क्लीनरने ओली करून कापडाने पुसावी, कारण जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

डस्ट कॅप छिन्नीने सर्व बाजूंनी थोडी थोडी सैल करत काढावी. स्प्लिट पिन सरळ करून ओढून काढावी, कॅसल नट (खाचा असलेला नट) सोडवावा, मग वॉशर. हब दोन्ही हातांनी किंचित पुढे ओढले की बाहेरचे बेअरिंग पुढे सरकते. ते काढून घ्यावे आणि हब सरळ रेषेत बाहेर ओढावे. बहुतेक गाड्यांत डिस्क हबला मागून बोल्टने जोडलेली असते आणि ती हबबरोबरच येते, त्यामुळे वजनाची तयारी ठेवावी.

अनेकदा आतल्या बेअरिंगची आतली कडी स्टब एक्सलवर, म्हणजे हब ज्यावर फिरते त्या दांड्यावर, चिकटून मागे राहते. ती पुलरने काढावी. गॅसच्या ज्योतीने लाल करून काढण्याची पद्धत रस्त्याकडेच्या गॅरेजांत सर्रास दिसते, पण त्याने स्टब एक्सलच्या पोलादाचा कडकपणा जातो, आणि या एका दांड्यावर गाडीच्या पुढच्या बाजूचा निम्मा भार असतो.

जुन्या बेअरिंगचे वाचन

जुने बेअरिंग फेकण्याआधी डिझेलमध्ये धुऊन उजेडात पाहावे. त्यावर बिघाडाचे कारण लिहिलेले असते. कपाच्या आत ठरावीक अंतराने, रोलरांच्या अंतराइतक्या अंतरावर आडवे गंजाचे पट्टे असतील तर पाणी शिरल्यानंतर गाडी उभी राहिली होती. किनाऱ्यावर हेच दृश्य सर्वांत जास्त दिसते, विशेषतः जून ते जुलै या मासेमारी बंदीच्या काळात धक्क्याजवळ उभ्या राहिलेल्या गाड्यांत. रोलर आणि कोन निळसर किंवा तपकिरी झाले असतील तर नट जास्त आवळला होता किंवा ग्रीस संपले होते. कपाच्या एकाच बाजूला सोललेले खड्डे असतील तर जास्त भाराचा, वाकलेल्या स्टब एक्सलचा किंवा तिरक्या बसलेल्या कपाचा संशय घ्यावा. सर्वत्र बारीक, मळकट ओरखडे म्हणजे वाळू किंवा ग्रीसमधली घाण. कारण कळल्याशिवाय नवे हब बसवणे म्हणजे तेच कारण नव्या बेअरिंगच्या हवाली करणे होय.

आता स्टब एक्सल. तो डिझेलने धुऊन, शेवटी ब्रेक क्लीनरने पूर्ण कोरडा करावा आणि तीन जागा बारकाईने पाहाव्यात. जिथे दोन बेअरिंगच्या कड्या बसतात त्या जागांवर नखाला लागणारी खाच नसावी. नवी कडी हाताने सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. जिथे आटे आहेत तिथे नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. तिसरी आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे सीलचा ओठ ज्यावर घासतो तो मागचा गुळगुळीत पट्टा. मिठाच्या गंजाने तिथे खड्डे पडलेले असतील तर कितीही भारी सील लावले तरी त्या खड्ड्यांतून पाणी आत येणार. हलका गंज तेल लावलेल्या बारीक एमरी पेपरने, पट्ट्याभोवती गोल फिरवून काढावा, लांबीच्या दिशेने घासू नये, कारण लांबीच्या ओरखड्यांतून पाणी सरळ आत जाते. खड्डे खोल असतील तर तिथे पातळ स्लीव्ह चढवणे किंवा स्टब एक्सल बदलणे हे दोनच उपाय आहेत आणि ते काम वर्कशॉपचे आहे. स्टब एक्सल निळा पडलेला, तडकलेला किंवा वाकलेला असेल तेव्हाही घरचे काम इथेच थांबवावे.

नवे हब भरणे

हब कप बसवूनच आले असेल तर काम सोपे. नसेल तर कप आपण बसवायचे. त्यासाठी कपाला पातळ तेलाचा हात फिरवून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. तो किंचित आकसतो आणि सहज बसतो. तेल आणि पिशवी यांना कोकणात पर्याय नाही, कारण इथल्या दमट हवेत थंड कप बाहेर काढताच त्यावर दव धरते आणि नव्या कपाला पहिल्याच दिवशी गंजाचे बीज मिळते. पिशवी बांधण्याचे दुसरे कारण त्याच कप्प्यातल्या सुरमईशी संबंधित आहे आणि ते घरच्यांना जास्त महत्त्वाचे वाटते. कप हबच्या तोंडावर सरळ ठेवून, पितळी रॉड समोरासमोरच्या बिंदूंवर आलटून पालटून ठेवत हातोडीने खाली न्यावा. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज पोकळ न राहता टणक होतो. कपाच्या आतल्या पृष्ठभागावर रॉड घसरू देऊ नये. हबमध्ये नवे व्हील स्टड नसतील आणि डिस्क जुन्या हबवरून नव्यावर घ्यायची असेल, तर डिस्क बसण्याची जागा गंजरहित करून बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कवर, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क डगमगते आणि ब्रेक पेडल थरथरते.

बेअरिंग ग्रीसने भरणे हे हाताचेच काम आहे. नवे बेअरिंग धुऊ नये. त्याच्यावरचे संरक्षक तेल ग्रीसबरोबर चालते. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यावा, बेअरिंगची रुंद बाजू त्याच्या कडेवर दाबत राहावे आणि रोलरांच्या मधून वरच्या निमुळत्या बाजूला ग्रीस बाहेर आले की बेअरिंग थोडे फिरवून पुढची जागा भरावी. फक्त बाहेरून लेप दिलेले बेअरिंग आत कोरडेच राहते. हबच्या पोकळीत दोन कपांच्या मध्ये साधारण एक तृतीयांश ते निम्मी जागा भरेल एवढे ग्रीस कडेने लावावे. हब ग्रीसने ठासून भरल्यास पाणी येणार नाही ही समजूत चुकीची आहे. गरम झाल्यावर फुगणाऱ्या ग्रीसला जागा मिळत नाही, ते सीलच बाहेर ढकलते किंवा ब्रेकवर येते.

आतले बेअरिंग त्याच्या कपात ठेवून मग सील बसवावे. सीलची स्प्रिंग दिसणारी बाजू आत, ग्रीसकडे असते. लाकडाचा सपाट ठोकळा सीलवर ठेवून हलक्या ठोक्यांनी ते सर्व बाजूंनी सारखे खाली न्यावे. तिरके बसलेले सील काढून फेकावे, सरळ करून वापरू नये. सीलच्या ओठाला आणि स्टब एक्सलवरच्या त्या पट्ट्याला ग्रीसचा पातळ थर द्यावा. कोरड्या ओठाचे सील पहिल्या काही किलोमीटरांतच जळते.

नट आवळणे

हब सरळ धरून स्टब एक्सलवर चढवावे, म्हणजे सीलचा ओठ आट्यांवर खरचटत नाही. बाहेरचे बेअरिंग, मग खाचेत बसणारा वॉशर, मग नट हाताने फिरवावा. इथपर्यंतचे काम कोणीही नीट करतो. खरी परीक्षा पुढे आहे.

टेपर बेअरिंगमध्ये रोलर निमुळते असतात, त्यामुळे चाकावरचा उभा भार आणि वळणावरचा आडवा भार ते एकाच वेळी पेलतात. अमेरिकेत १८९८ साली हेन्री टिमकेन यांना पेटंट मिळालेली ही रचना आजही मालवाहू गाड्यांत टिकून आहे ती याच गुणामुळे. परंतु दोन बेअरिंग समोरासमोर असल्याने त्यांच्यातील अंतर नटच ठरवतो. नट जास्त आवळला तर रोलर दाबले जाऊन तापतात. सैल राहिला तर चाक डुलते आणि रोलरांच्या कडांवर भार येतो. यांतले जास्त आवळणे अधिक धोकादायक, कारण ते गाडी उभी असताना कळत नाही.

पद्धत अशी. हब एका हाताने सतत फिरवत ठेवून नट पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या टॉर्कपर्यंत आवळावा. हब फिरवणे आवश्यक आहे. त्याशिवाय रोलर आपल्या जागी बसत नाहीत, रोलर आणि कप यांच्यामधले ग्रीस दाबून निघत नाही आणि नंतर खेळ तयार होतो. मग नट पूर्ण सैल करावा आणि पुन्हा केवळ बोटांच्या जोराने, पाना न वापरता, टेकेपर्यंत फिरवावा. कॅसल नटची खाच आणि स्टब एक्सलचे भोक जुळत नसेल तर जवळच्या खाचेपर्यंत नट सैल करावा, जुळवण्यासाठी कधीही आवळू नये. डायल गेज (बारीक सरकणे मोजणारे उपकरण) उपलब्ध असेल तर हब आत-बाहेर सरकवून मोजलेला खेळ ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर यांच्या दरम्यान यावा. गेज नसेल तर हब हाताने ओढून-ढकलून पाहावे: खेळ जेमतेम जाणवावा, वॉशर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने सरकवता यावा आणि हब सोडल्यावर ते न अडखळता फिरावे. गाडीच्या पुस्तिकेत वेगळी पद्धत किंवा ठरावीक दाब सांगितला असेल तर वरचे सर्व बाजूला ठेवून पुस्तिकेप्रमाणे करावे.

स्प्लिट पिन नवीच वापरावी आणि तिची टोके डस्ट कॅपला घासणार नाहीत अशी वाकवावीत. डस्ट कॅपच्या कडेला ग्रीसचा बारीक थर देऊन ती लाकडी ठोकळ्याने सरळ ठोकून बसवावी.

डिस्कवर हाताचे ग्रीस लागलेले असणारच. ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू पुसून मग कॅलिपर चढवावे आणि त्याचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर आवळावेत. चाक लावून नट हाताने बसवावेत, गाडी खाली आणावी आणि समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळावेत. स्टडच्या आट्यांना सढळ हाताने ग्रीस किंवा तेल लावण्याची सवय किनाऱ्यावर गंजाच्या भीतीने अनेकांना असते, मात्र त्यामुळे त्याच टॉर्कला स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो. आटे ब्रशने कोरडे साफ करणे पुरेसे आहे. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे. पॅड मागे ढकलले गेलेले असतात आणि पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागत नाही. उतारावरच्या खळ्यातून गाडी बाहेर काढताना हे आठवून उपयोग नसतो.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर, दहा किलोमीटरांची असावी. परत येऊन हबची उष्णता दुसऱ्या बाजूशी ताडून पाहावी. हात ठेवता येणार नाही इतके हब तापले असेल तर नट जास्त आवळला गेला आहे आणि तो पुन्हा जुळवल्याशिवाय गाडी बाहेर नेऊ नये. पन्नास ते शंभर किलोमीटरांनंतर व्हील नटांचा टॉर्क पुन्हा तपासावा. सुमारे पाचशे किलोमीटरांनंतर चाक उचलून खेळ एकदा पाहावा, कारण नवे कप किंचित बसतात. जुने ग्रीस आणि धुतलेले डिझेल पऱ्ह्यात किंवा विहिरीच्या वरच्या अंगाला ओतू नये; डब्यात साठवून जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

बंद हब असलेल्या गाड्या

नव्या पद्धतीच्या काही पिकअपमध्ये, विशेषतः पुढच्या चाकांनाही ताकद जाणाऱ्या प्रकारांत, बेअरिंग आणि हब हा एकच बंद भाग असतो. तिथे ग्रीस भरणे किंवा नट जुळवणे नसते. तीन किंवा चार बोल्टवर तो भाग नकलला, म्हणजे चाकासह वळणाऱ्या लोखंडी आधाराला, मागून जोडलेला असतो आणि खराब झाला की पूर्ण बदलतात. आपल्याकडे खरी अडचण तो गंजाने नकलमध्ये जाम होण्याची आहे. बोल्ट थोडे सैल ठेवून, स्प्रे मुरू देऊन, हबच्या कडेला चारी बाजूंनी ठोके द्यावेत. बोल्टच्या टोकावर ठोकू नये. एबीएसची (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आधी सोडवावी, आणि नव्या भागाच्या मागे चुंबकीय कडी असेल तर ती चुंबकाच्या किंवा लोखंडी किसाच्या जवळ ठेवू नये. नकलमधले भोक तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत साफ करून, गंजरोधक पेस्टचा पातळ थर देऊन नवा भाग बसवावा. मधला एक्सल नट नवाच घ्यावा आणि तो पुस्तिकेतल्या, बऱ्याच मोठ्या, टॉर्कवर आवळेपर्यंत गाडीचे वजन त्या चाकावर येऊ देऊ नये. तसे झाल्यास नवे बेअरिंग त्याच क्षणी खराब होऊ शकते.

पुढची काळजी दोन्ही प्रकारांना सारखीच लागू आहे. बंदरावर पोहोचल्यावर हब निवण्यासाठी गाडी थोडी कोरड्यात उभी करावी आणि मगच पाण्याकडे न्यावी. गोड्या पाण्याने धुताना प्रेशर पंपाचा झोत हबच्या मागच्या सीलवर थेट मारू नये. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हासारखे हबच्या वर पाणी चढले असेल, तर गाडी वरवर ठीक चालत असली तरी टेपर बेअरिंगचे हब उघडून, धुऊन, नवे सील आणि ग्रीस घालावे. एरवी पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा डस्ट कॅप काढून आतल्या ग्रीसचा रंग पाहावा. ते दुधाळ दिसले तर त्याच आठवड्यात हब उघडावे आणि दुसऱ्या बाजूचे हबही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण दोन्ही चाके एकाच पाण्यातून गेलेली असतात.